युद्धाचा पट आणि त्याच्या सालाचें संगीत

दिवेलागणीच्या वेळीं एखाद्या गवयानें बैठकींत भैरव आळवावयास सुरुवात केली, तर ज्यांना रागदारींतलें कांहीं एक कळत नाहीं असे श्रोतेही चुळबूळ करूं लागतात. सूर चुकलेले नसतात, ताल सुटलेला नसतो; तरीही कोठें तरी कांहीं तरी बिनसलें आहे असें वाटत राहतें. आपल्याकडे रागाला प्रहर असतो. तसें पाहिलें तर प्रत्येक गाण्याला सालही असतें. आणि एखाद्या ठराविक सालाचा देखावा आपण डोळ्यांपुढें उभा करूं पाहतों तेव्हां त्या सालाबाहेरचें गाणें अवेळीं गाइलेल्या भैरवासारखेंच कानाला खटकतें. आज मला ज्या विषयासंबंधीं बोलावयाचें आहे तो वरवर पाहणाऱ्यास पोरखेळाचा वाटेल. पटावर आधुनिक युद्धाचा डाव मांडून बसलें असतां शेजारीं कोणतें संगीत वाजवावें, हा तो विषय. परंतु या पोरखेळाच्या पोटांत एक अवघड प्रश्न दडलेला आहे, आणि तो माझ्यापुढें माझ्याच घरांत, माझ्याच पुतण्यानें आणून ठेवला.

प्रथम पटाविषयीं थोडें सांगतों. बुद्धिबळाचें युद्ध कोणत्याही काळाचें नसतें. तेथें उंट आहेत, हत्ती आहेत, पण साल नाहीं. अलीकडच्या युद्धपटांचें तसें नाहीं. ‘अॅक्सिस अँड अलाइज’ नांवाचा एक अमेरिकन पट आहे. लॅरी हॅरिस या गृहस्थांनीं तो रचला. १९८१ सालीं तो प्रथम निघाला आणि १९८४ सालीं मिल्टन ब्रॅडली या कंपनीनें तो घरोघर पोंचविला. जगाचा मोठा नकाशा, त्यावर बोटाच्या पेरांएवढे शिपाई, रणगाडे, विमानें आणि जहाजें, व मूठभर फांसे. रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान आणि अमेरिका अशीं पांच राष्ट्रें याच क्रमानें आपापली खेळी खेळतात. खेळ सुरू होतो तो १९४२ सालच्या वसंतऋतूंत. म्हणजे पहिली सोंगटी हलण्यापूर्वींच आपल्याला एक निश्चित साल मिळालेलें असतें. आमच्या घरीं पुतण्या, त्याचे दोन मित्र, शेजारचे एक सेवानिवृत्त गृहस्थ आणि मी असे पांच जण रविवारीं दुपारीं हा पट मांडतों आणि चार-चार तास त्यावर डोकीं खुपसून बसतों. इतका वेळ खोलींत नुसता फांशांचा खडखडाट ऐकवत नाहीं. म्हणून संगीत आलें.

पहिल्या रविवारीं पुतण्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें ‘युद्धाचीं गाणीं’ म्हणून जीं जमविलीं होतीं तीं बहुतेक चित्रपटांतलीं निघालीं. ब्रिटिश विमानें जर्मनीवर निघालीं कीं ‘डॅम बस्टर्स’चें कूच वाजे. चाल मोठी डौलदार. ती ऐकतांना विमानांची रांग डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु ज्या हल्ल्याचें हें कूच, तो १९४३ सालच्या मे महिन्यांत झाला, आणि तें ज्या चित्रपटासाठीं योजिलें गेलें तो पडद्यावर आला १९५५ सालीं. ज्या वैमानिकांच्या नांवानें आपण तें ऐकतों त्यांपैकीं कोणाच्याही कानीं तें त्या रात्रीं पडलेलें असणें शक्य नाहीं. उलट ‘कर्नल बोगी’ हें कूच १९१४ सालचें आहे, म्हणजे १९४२ च्या पटावर तें अगदीं न्यायाचें. पण १९५७ सालीं क्वाय नदीवरील पुलाच्या चित्रपटांत कैद्यांनीं तें शिटीवर वाजविल्यापासून त्यावर त्या चित्रपटाचा असा शिक्का बसला आहे कीं, आज तें लावलें तर ऐकणाऱ्याला युद्ध न आठवतां पडदाच आठवतो. एक कालदृष्ट्या खोटें असून खरें वाटतें. दुसरें खरें असून खोटें वाटतें. आपल्या ऐतिहासिक संगीत नाटकांत पेशव्यांच्या दरबारीं पायपेटी वाजते आणि आपण ती मुकाट्यानें मान्य करतों, हें मी विसरलों नाहीं. नाटकांत संकेत चालतो. परंतु पटाची गंमतच मुळीं ही आहे कीं, त्या वेळीं त्या माणसांपुढें जें होतें तेवढेंच आपल्यापुढें ठेवून निर्णय घ्यावयाचा. पुढें काय होणार हें ठाऊक नसल्याप्रमाणें घ्यावयाचा. तेव्हां नियम असा केला कीं, पटावर जें साल चालू असेल त्याच्या पुढचें कांहीं वाजवावयाचें नाहीं.

संगणकावर खेळणाऱ्या मंडळींना ही यातायात करावी लागत नाहीं. ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ या स्वीडिश खेळाची २०१६ सालीं निघालेली चौथी आवृत्ति घेतली कीं आंद्रेआस वाल्डेटोफ्ट यांचें भव्य वाद्यवृंदसंगीत तिच्याबरोबरच येतें. आणि ज्यांना तेवढ्यानें भागत नाहीं त्यांच्यासाठीं साबाटन नांवाच्या मंडळीचीं कर्कश विद्युत्-सतारींचीं रणगीतेंही निराळे पैसे भरून मिळतात. वाल्डेटोफ्ट यांचें काम कसबाचें आहे. परंतु तें खेळणाऱ्याला सेनापति झाल्यासारखें वाटावें म्हणून रचलेलें आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आतां त्या काळचें संगीत म्हणजे काय, हें पाहूं. नेपोलियनच्या वेळीं पडघम आणि तुतारी हीं रणांगणावरचीं हत्यारेंच होतीं. हुकूम त्यांच्यांतून सुटत. १९४२ सालीं हुकूम तारायंत्रानें व बिनतारी यंत्रानें जात होते, आणि रणगाड्याच्या पोटांत बसलेल्या शिपायाला यंत्राच्या घरघरीपलीकडे कांहीं ऐकूं येत नव्हतें. संगीत त्याच्या वांट्याला येई तें रात्रीं, तळावर, नभोवाणीच्या खोक्यांतून किंवा ग्रामोफोनच्या कर्ण्यांतून. तेंच घरीं राहिलेल्यांच्याही वांट्याला येई. म्हणून या युद्धाचें खरें संगीत शोधावयाचें तर रणभूमीवर न जातां नभोवाणीच्या केंद्रांत जावें लागतें.

तेथें गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानांत येते ती ही कीं, गाणें आणि निशाण यांची जोडी जुळत नाहीं. १९४१ सालीं बी.बी.सी.ने जर्मनांच्या ताब्यांतील देशांसाठीं विजयाची खूण म्हणून इंग्रजी ‘व्ही’ हें अक्षर निवडलें. तारायंत्राच्या भाषेंत तें अक्षर म्हणजे तीन टिंबें व एक रेघ. आणि बीथोव्हेनच्या पांचव्या सिंफनीचा आरंभ होतो तोही तीन आखूड व एका दीर्घ स्वरानें. नगाऱ्यावर वाजविलेले ते चार ठोके लंडनहून रोज युरोपभर जात. १८०८ सालीं प्रथम वाजलेली एका जर्मनाची ही रचना अशा रीतीनें जर्मनीविरुद्धची ललकारी होऊन बसली. इकडे जर्मन नभोवाणीवर रशियाच्या आघाडीवरील विजयाची वार्ता यावयाची असली म्हणजे आधीं तुताऱ्यांचा घोष होई. तो लिस्टच्या ‘ले प्रेल्यूद’मधून घेतलेला होता, म्हणजे जन्मानें हंगेरियन असलेल्या व १८८६ सालींच वारलेल्या माणसाचा. लंडनच्या चित्रसंग्रहालयांतील चित्रें बाँबच्या भीतीनें हलविलेलीं असतां तेथेंच १० ऑक्टोबर १९३९ पासून मायरा हेस या पियानोवादिकेनें दुपारच्या जलशांची प्रथा पाडली. ती १९४६ पर्यंत चालली. तेथें बाख, बीथोव्हेन, शूमान या जर्मनांच्याच रचना पुनःपुन्हा वाजल्या आणि लंडनकरांनीं त्या जेवणाच्या सुटींत जाऊन ऐकल्या. जर्मनीच्या खेळीला बीथोव्हेन लावण्याचा मोह पडतो, तो याकरितां आवरावा.

दुसरी गोष्ट तबकडीच्या लांबीची. त्या काळच्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपते. आमच्या पटावर एका राष्ट्राच्या खेळीला दहा-पंधरा मिनिटें लागतात, म्हणजे चार-पांच गाणीं झालीं. हें माप मोठें सोयीचें आहे. खेळाडू विचार करीत असतां शब्द नसलेली रचना असावी, कारण कळणाऱ्या भाषेंतलें गाणें कान सोडीत नाहीं. फांसे पडत असतां कांहींच नसावें. आणि नवे रणगाडे, नवीं जहाजें विकत घेण्याची वेळ आली कीं कारखान्याचें संगीत लावावें. हें शेवटचें मी मनचें सांगत नाहीं. २३ जून १९४० पासून बी.बी.सी. ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ या नांवाचा कार्यक्रम कारखान्यांतील कामगारांसाठीं दिवसांतून दोन वेळां करीत असे. हातांचा वेग टिकावा म्हणून त्यांत उडत्या चालीच्या गती अखंड वाजविल्या जात. एका अमेरिकन गाण्याच्या ध्रुवपदानंतर टाळ्या पिटण्याची लकब होती. कामगार हातांतलीं हत्यारेंच यंत्रांवर आपटूं लागतील म्हणून तें गाणें या कार्यक्रमांतून वगळावें लागलें. कार्यक्रमाचें निशाणीचें कूच एरिक कोट्स याचें, १९४० सालचें. ज्या ‘डॅम बस्टर्स’वरून मीं मघाशीं पुतण्याला टोकलें त्याचाही कर्ता हाच कोट्स. म्हणजे त्यानें गृहस्थ बरोबर निवडला होता, फक्त पंधरा वर्षें पुढचा.

ब्रिटनच्या खेळीला व्हेरा लिन हिचें १९३९ सालचें ‘वुइल मीट अगेन’ हवेंच. हिच्या गोड, हळव्या गाण्यांनीं शिपाई ढिले पडतील, अशी कुरकुर त्या वेळीं जबाबदार लोकांनीं केली होती. शिपायांनीं ती मनावर घेतली नाहीं.

अमेरिकेची गोष्ट अधिक मौजेची आहे. ग्लेन मिलर याचा वाद्यमेळ तेव्हां सर्वांच्या वर होता. त्याची ‘इन द मूड’ १९३९ ची, ‘चॅटनूगा चू चू’ १९४१ ची. पटावरचा १९४२ चा वसंत त्यानें गाजवावा हें ठीक. पण त्याच सालीं उन्हाळ्यांत दोन अडचणी एकदम आल्या. तबकडी बनत असे लाखेची, आणि लाख येत असे मुख्यतः हिंदुस्थानांतून, छोटा नागपूरकडील पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांपासून. पांडवांच्या लाक्षागृहापासून आपल्या ओळखीची असलेली ही वस्तु युद्धसाहित्यालाही लागत होती, आणि समुद्रावरची वाहतूक बिकट झालेली. तेव्हां अमेरिकन सरकारनें तबकड्यांच्या वांट्याला येणाऱ्या लाखेंत मोठी कपात केली. नवी तबकडी पाहिजे तर जुनी आणून द्या, असें दुकानदार म्हणूं लागले. तोंच १ ऑगस्ट १९४२ रोजीं वादकांच्या संघानें, जेम्स पेट्रिलो याच्या पुढारीपणाखालीं, तबकड्यांसाठीं वाजविण्याचेंच बंद केलें. यंत्रांतलें संगीत आम्हां वादकांची भाकरी काढून घेतें, तेव्हां विकल्या जाणाऱ्या तबकडीमागें आमच्या निधीला कांहीं द्या, ही त्यांची मागणी. एका मोठ्या कंपनीनें १९४३ च्या सप्टेंबरांत ती मान्य केली. उरलेल्या दोन बड्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरांत वांकल्या. मधल्या काळांत गायक मंडळी वाद्यांच्या जागीं माणसांच्याच तोंडचा ‘ऊऽ आऽ’ असा कोरस घेऊन गाणीं भरीत, कारण गायक त्या संघांत नव्हते. फक्त शिपायांसाठीं विकावयाच्या नसलेल्या तबकड्या ऑक्टोबर १९४३ पासून निघूं लागल्या, त्यांना संघानें मोकळीक दिली. त्यामुळें नियम कसोशीनें पाळावयाचा तर आमच्या पटावर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून अमेरिकेचा ग्रामोफोन मुका पडतो. पुतण्याच्या मित्राला, जो अमेरिका खेळतो, हें अन्यायाचें वाटलें. मला त्यांतच इतिहासाची चव लागते. मिलर स्वतः लष्करांत गेला आणि १५ डिसेंबर १९४४ रोजीं इंग्लंडहून फ्रान्सकडे जातांना विमानासह नाहींसा झाला.

जपानच्या खेळीला दोन रचना पुरतात. नौदलाच्या विजयाची वार्ता सांगण्यापूर्वीं तेथील नभोवाणीवर ‘गुंकान’ म्हणजे युद्धनौकेचें कूच वाजे. तेंच कूच युद्धानंतर पाचिंकोच्या जुगारी अड्ड्यांवर गिऱ्हाइकें जमविण्यासाठीं वाजूं लागलें, हा काळाचा विनोद. आणि एखादी तुकडी शेवटच्या माणसापर्यंत कापली गेली अशी वार्ता द्यावयाची असली, तर ‘उमी युकाबा’ हें गंभीर गीत लागे. त्याचे शब्द आठव्या शतकांतील काव्यसंग्रहांतले, चाल १९३७ ची. १९४३ च्या जानेवारींत तेथील सरकारनें सुमारें एक हजार अमेरिकन व इंग्रजी गाण्यांवर बंदी घातली. आणि त्याच सालीं टोकियोच्या नभोवाणीवरून अमेरिकन शिपायांना घरची आठवण यावी म्हणून अमेरिकन गाणींच ऐकविण्यास प्रारंभ झाला. जर्मनांनींही हेंच केलें. जाझला नाकें मुरडणाऱ्या राजवटीनें इंग्रजांना टोमणे मारण्यासाठीं स्वतःचा एक जाझ वाद्यमेळ पगार देऊन पोसला होता.

आतां त्या अवघड प्रश्नाकडे येतों. जर्मनी पुतण्याच्या वांट्याला. मीं सालाचा नियम घालून दिल्यावर त्यानें नेटानें शोध केला आणि एके रविवारीं विजयी मुद्रेनें एक जुनी तबकडी संगणकावर लावली. काळाच्या दृष्टीनें तिच्यांत कसलीही खोट नव्हती. तें ‘होर्स्ट वेसेल’ गीत होतें. नाझी पक्षाचें पक्षगीत, १९३३ नंतर राष्ट्रगीताच्या जोडीनें म्हटलें जाणारें. मीं मान वर केली तेव्हां त्याचा मित्र पावलानें ठेका धरीत होता. खरें सांगावयाचें तर माझेंही बोट पटाच्या कडेवर हलत होतें. मीं तें बंद करावयास सांगितलें.

“पण काका, साल तर बरोबर आहे,” तो म्हणाला. “आणि चाल चांगली आहे. शब्द कोणाला कळतात इथें?”

शब्द कळत नाहींत हीच तर भीति आहे, असें मीं त्याला सांगितलें. तें गीत म्हणत जे रस्त्यांतून फिरले त्यांनीं कोणाचीं दुकानें फोडलीं आणि कोणाला घरांतून ओढून नेलें हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या देशांत, खुद्द जर्मनींत, तें जाहीरपणें वाजविणें आज कायद्यानें गुन्हा आहे. आपल्याला तें ठाऊक नसल्यामुळें आपला पाय हलतो. त्यावर शेजारच्या गृहस्थांनीं एक रास्त शंका काढली. ते म्हणाले, “आपण हें गाळतां, तर मग माझ्या रशियाचें ‘पवित्र युद्ध’ कसें चालूं देतां? स्टालिनच्या छावण्यांत माणसें थोडीं का मेलीं? आणि गाळूं लागलां तर तुमच्या पटावर जर्मनी एक सभ्य प्रतिस्पर्धी होऊन बसेल. तो तर इतिहासाचा मोठा विपर्यास.”

या शंकेचें पुरें समाधान मला करतां आलें नाहीं, आणि आजही येत नाहीं. मीं इतकेंच म्हटलें कीं, ‘पवित्र युद्ध’ हें गीत जर्मन सैन्य सरहद्द ओलांडून आल्यावर चारच दिवसांनीं, २६ जून १९४१ रोजीं, मॉस्कोच्या बेलोरूस्की स्थानकावर आघाडीकडे निघालेल्या शिपायांपुढें प्रथम गाइलें गेलें. आलेकसांद्रॉव्हनें त्याची चाल नेहमींच्या कुचाची न ठेवतां तीन मात्रांची ठेवली आहे, म्हणून तें पाय आपटीत नाहीं, ढकलीत पुढें जातें. तें घर राखणाऱ्याचें गीत आहे. स्टालिनचें नांव घेणारें १९४४ चें राष्ट्रगीत मीही लावीत नाहीं. गृहस्थांनीं मान हलविली, परंतु ती पटल्याची नव्हती.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र विचार करून मीं जर्मनीची यादी नव्यानें केली. तींत लिस्टचा तो तुताऱ्यांचा घोष आहे. तो वाजला कीं पलीकडे एखादें शहर पडलें असें समजावयाचें, आणि त्याची ही कामगिरी एकदां कळली म्हणजे तो ऐकतांना ठेका धरावासा वाटत नाहीं. ‘लिली मार्लीन’ आहे. हिचे शब्द १९१५ सालचे, पहिल्या महायुद्धांतल्या एका शिपायाचे. चाल नॉर्बर्ट शुल्त्झेची, १९३८ ची. लाले आंडर्सेननें ती १९३९ सालीं तबकडीवर म्हटली तेव्हां कोणी फारशी विचारलीही नाहीं. १९४१ सालीं बेलग्रेडच्या जर्मन लष्करी नभोवाणीनें ती रोज रात्रीं दहाच्या सुमारास लावण्यास आरंभ केला, आणि आफ्रिकेच्या वाळवंटांत समोरासमोर पडलेल्या जर्मन व इंग्रज अशा दोन्ही सैन्यांनीं ती आपली मानली. गोबेल्सला ती मुळींच आवडत नसे. शिफारस म्हणून एवढें पुरे. आणि जर्मनीची बाजू कोसळली कीं ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीचा संथ भाग लावावा. १ मे १९४५ च्या रात्रीं हिटलरच्या मृत्यूची वार्ता देण्यापूर्वीं जर्मन नभोवाणीनें तोच लावला होता.

एक संगीत मात्र मीं मुद्दामच बाहेर ठेवलें आहे. टेरेझिनच्या छावणींत हान्स क्रासा याचें ‘ब्रुंडिबार’ हें मुलांचें संगीतनाटक १९४३ च्या सप्टेंबरपासून पंचावन्न वेळां झालें. क्रासा व त्याचा सोबती व्हिक्टर उल्मान यांना १९४४ च्या ऑक्टोबरांत आउश्वित्झला नेऊन मारण्यांत आलें. त्यांतल्या बहुतेक मुलांचीही तीच गति झाली. सालाच्या नियमांत हें बसतें. फांशांच्या शेजारीं बसत नाहीं. तें ज्याला ऐकावयाचें त्यानें पट गुंडाळून ठेवून ऐकावें.

हिंदुस्थानाकडे येतांना मला थोडा संकोच होतो. पटावर आपला देश म्हणजे इंग्रजांच्या रंगाचा एक तुकडा, त्यावर उत्पन्नाचा एक आंकडा. इंग्रजांच्या वतीनें खेळणाऱ्यानें त्या आंकड्याचे रणगाडे घ्यावे, बस्स. इटलींत लढणाऱ्या त्याच रंगाच्या शिपायांत मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे होते, हें सोंगटीवर कोठें लिहिलेलें असणार? १० जुलै १९४४ रोजीं तायबर नदीच्या खोऱ्यांत ते एकटे मशीनगनवर धांवून गेले व तेथेंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. परंतु १९४२ सालीं हिंदुस्थानचा आवाज एकच नव्हता, आणि पटाला जें सांगतां येत नाहीं तें येथें संगीताला सांगतां येतें. त्या सालच्या २७ ऑगस्टपासून मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी गुप्तपणें काँग्रेस रेडिओ चालवीत होते. जागा बदलीत, पोलिसांना चुकवीत, नोव्हेंबरांत पकडले जाईपर्यंत. त्याचा आरंभ ‘हिंदोस्ताँ हमारा’नें आणि अखेर ‘वंदे मातरम्’नें होत असे. पुढच्या सालीं मुंबईच्याच बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’ चित्रपटांत कवि प्रदीप यांचें ‘दूर हटो ऐ दुनियावालों’ हें गीत अनिल विश्वास यांच्या चालींत आलें. त्यांत जर्मन आणि जपानी यांचीं नांवें होतीं म्हणून इंग्रजांच्या परीक्षकांनीं तें सोडलें. दूर कोणाला व्हावयास सांगितलें आहे हें प्रेक्षकांना न सांगतां कळलें. आणि ब्रह्मदेशाच्या बाजूनें आझाद हिंद फौज ‘कदम कदम बढाये जा’ म्हणत आली, ती जपानच्या सोंगट्यांबरोबर. आमच्याकडे आतां हिंदुस्थानांतून सैन्य हलविलें कीं इंग्रज खेळाडूच्या संमतीवांचून हीं गाणीं लागतात. तो तक्रार करतो. ऐतिहासिकदृष्ट्या तेंही बरोबरच आहे.

शेवटीं लेनिनग्राड. आमच्या पटावर तें कारेलिया या घरांत येतें, आणि जर्मनीचा खेळाडू पहिल्याच खेळींत बहुधा त्याच्यावर तुटून पडतो. रशियाच्या खेळीला तेव्हां शोस्टाकोविचची सातवी सिंफनी अगदीं वेळेवर सांपडते: ती ५ मार्च १९४२ रोजीं कुइबिशेव्ह येथें प्रथम वाजली होती. तिच्या पहिल्या भागांत एक साधीशी, जवळजवळ बाळबोध चाल पडघमाच्या एकसुरी ठेक्यावर लांबून ऐकूं येऊं लागते आणि दर आवर्तनाला वाद्यें वाढवीत, सारा वाद्यवृंद व्यापीपर्यंत बारा वेळां येते. वेढलेल्या शहरांत ती वाजविण्याचें ठरलें तेव्हां नभोवाणीच्या वाद्यवृंदांतले उपासमारींतून उरलेले जेमतेम पंधराएक वादक पहिल्या तालमीला आले. बाकीचे आघाडीवरच्या पलटणींतून मागवावे लागले. कार्ल एलियासबेर्गच्या हाताखालीं ९ ऑगस्ट १९४२ रोजीं ती वाजली. जलसा चालूं असतां गोळे पडूं नयेत म्हणून रशियन तोफांनीं आधींच जर्मन तोफखान्यावर मारा केला, आणि कर्ण्यांतून तें संगीत शत्रूच्या खंदकांपर्यंत पोंचविलें.

परंतु या शहराचें जें खरें ‘संगीत’ तें याहून साधें होतें. वेढ्याच्या काळांत घरोघरच्या कर्ण्यांतून बोलणें थांबलें कीं लंबकाची टिकटिक चालूं ठेवीत. ती मंद असली म्हणजे धोका नाहीं. जलद झाली म्हणजे विमानें आलीं. आणि ती ऐकूं येते आहे म्हणजे नभोवाणी, आणि तिच्याबरोबर शहर, अजून जिवंत आहे. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ एवढा काळ हें चाललें.

गेल्या महिन्यांत पुतण्या कारेलियावर सैन्य लोटूं लागला तेव्हां मीं सिंफनी लावली नाहीं. माझ्या बहिणीकडून सतारीच्या रियाजासाठीं आणलेलें ठेक्याचें यंत्र मीं पटाच्या कडेला मंद गतीनें चालूं करून ठेवलें व तें कशाचें हें थोडक्यांत सांगितलें. फांसे त्याच्या हातांत होते. त्यानें सोंगट्या मोजल्या, पुन्हां मोजल्या, आणि मला विचारलें, “काका, आंत किती माणसें होतीं?” आठ लाखांच्या आसपास तर नुसतीं उपासमारीनें व तिच्यामागून आलेल्या रोगांनीं मेलीं, असें मीं सांगितलें. शेजारचे गृहस्थ, ज्यांचें तें घर होतें, कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें चहा आला. त्या दिवशीं डाव तसाच राहिला; पट पुढच्या रविवारपर्यंत खोलींत मांडलेलाच होता, आणि कारेलियावरचे दोन्ही रंगांचे शिपाई कोणी उचलले नव्हते.